खनिजांच्या गोळीने गरोदरपणातली साखर उतरते का?

गरोदरपणात मधुमेह निघाला की घरचे, मैत्रिणी आणि इंटरनेट असे तिन्हीकडून सल्ले एकदमच सुरू होतात. कुणी मॅग्नेशियम घ्यायला सांगतं, कुणी झिंक, कुणी क्रोमियमच्या बाटलीचा फोटोच पाठवून देतं. 'औषध थोडंच आहे, खनिज आहे, त्याने काय अपाय होणार?' हे वाक्य बहुतेक वेळा सोबत येतंच. या सल्ल्यांत तथ्य अजिबात नसतं असं नाही. मॅग्नेशियम, झिंक यांसारख्या खनिजांचा आणि इन्सुलिनचा संबंध पक्का आहे, पाठ्यपुस्तकात शिकवला जातो. पण एखाद्या कामाला एखादं खनिज लागतं, म्हणून ते जास्त घेतलं की काम आणखी चांगलं होईल, हा हिशेब बहुतेक वेळा फसतो. तो कुठे फसतो आणि कुठे थोडाफार जुळतो हे कळायचं, तर साखर मुळात का वाढते तिथपासून सुरुवात करायला हवी.

वाढलेली साखर येते कुठून

पोटातल्या बाळाला चोवीस तास ग्लुकोज लागतं. ते मिळत राहावं म्हणून वारेतून (प्लॅसेंटातून) काही संप्रेरकं आईच्या रक्तात येतात आणि आईच्या स्नायूंवरचा, चरबीवरचा इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. म्हणजे आईच्या पेशी साखर कमी उचलतात आणि रक्तात ती बाळासाठी जास्त वेळ शिल्लक राहते. शेवटच्या तीन महिन्यांपर्यंत इन्सुलिनचा परिणाम जवळपास निम्म्यावर येतो. हे प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत होतं, हा आजार नव्हे. बहुतेकींचं स्वादुपिंड इन्सुलिनचं उत्पादन दुपटीहून जास्त वाढवून ही तूट भरून काढतं. ज्यांचं तेवढं वाढवू शकत नाही, त्यांची साखर चढते. म्हणूनच ही तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करतात. त्याच्या आधी वारेचा जोर पुरेसा वाढलेला नसतो.

आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे जास्तीच्या साखरेला तोंड द्यायला बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागतं. इन्सुलिन हे वाढीचंही संप्रेरक आहे. बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं, प्रसूती अवघड होते, आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम थांबला तरी बाळाचं इन्सुलिन काही तास जोरातच असतं, म्हणून जन्मल्याजन्मल्या त्याचीच साखर खाली जाऊ शकते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॅपो' या अभ्यासात नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांची नोंद होती. आईची साखर वाढेल तसतसे हे धोके पायरीपायरीने वाढतात, 'इथपर्यंत सुरक्षित आणि इथून पुढे धोका' अशी एकच रेघ मारता येत नाही, असं त्यात दिसलं. तरी व्यवहारात रेघ कुठेतरी मारावीच लागते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत उपाशीपोटी ९२, तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांपैकी एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तर अनेक देशांत गरोदरपणातला मधुमेह धरतात.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की या गोष्टीत मूळ दबाव वारेचा आहे. खनिज कमी पडल्याने हा मधुमेह सुरू होत नाही. फार तर, आधीच ताणलेल्या व्यवस्थेत खनिजाची तूट आणखी एक अडचण बनू शकते. खनिजांच्या गोळीकडून किती अपेक्षा ठेवायची, ते इथेच बरंचसं ठरतं.

मॅग्नेशियम: सगळ्यात दमदार दावा

खनिजांमध्ये सगळ्यात जास्त वजन मॅग्नेशियमच्या बाजूला आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) येऊन चिकटतं. त्यानंतर पेशीच्या आतल्या बाजूला एकामागून एक रासायनिक बदल होत जातात आणि शेवटी साखर आत घेणारी प्रथिनं वर येतात. या साखळीतल्या पहिल्याच पायरीला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो, आणि पेशीत एटीपी काम करतं ते मॅग्नेशियमला जोडूनच. शरीरात तीनशेहून जास्त विकरांना (एन्झाइम्सना) मॅग्नेशियम लागतं. पेशीत ते कमी पडलं तर इन्सुलिन दारात येऊनही आतला निरोप अर्धवट पोचतो. हा भाग वादाचा नाही.

वाद पुढे सुरू होतो. मधुमेह असलेल्यांच्या रक्तात मॅग्नेशियम सरासरीने कमी आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण कमी मॅग्नेशियममुळे साखर वाढली, की वाढलेल्या साखरेमुळे मॅग्नेशियम घटलं? दुसरी वाट अगदी खरी आहे: रक्तातली साखर फार वाढली की लघवी जास्त होते आणि तिच्यासोबत मॅग्नेशियमही वाहून जातं. म्हणजे दोन्ही एकमेकांना ढकलत असू शकतात. गरोदरपणात त्यात आणखी एक गुंता येतो. या काळात रक्तातल्या द्रवाचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. खनिज तेवढंच राहिलं तरी ते जास्त द्रवात पसरतं आणि रिपोर्टमधला आकडा खाली दिसतो. अशा रिपोर्टवर नुसता 'कमी' असा शिक्का बघून घाबरायचं कारण नाही. गरोदर नसलेल्या बाईसाठी ठरवलेली मर्यादा इथे जशीच्या तशी लागू होत नाही.

त्याहून मोठी पंचाईत म्हणजे रक्ताची तपासणी मॅग्नेशियमच्या बाबतीत फारसं सांगतच नाही. शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्ताच्या द्रवभागात एक टक्कासुद्धा नसतं. आकडा खूप खाली गेला असेल तर तूट नक्की. पण आकडा ठीक आहे म्हणून पेशींतही सगळं ठीक आहे, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मग गोळी दिल्यावर काय होतं? गरोदरपणातला मधुमेह असलेल्या आणि रक्तात मॅग्नेशियम कमी असलेल्या स्त्रियांना सहा आठवडे रोज २५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड दिल्यावर उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिनचे आकडे थोडे सुधारले, असं सांगणारे छोटे प्रयोग आहेत. 'मॅग्नेशियम कमी असलेल्या' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. बातमीत आणि जाहिरातीत नेमके तेच गळतात. ज्यांच्या शरीरात मॅग्नेशियम पुरेसं आहे त्यांनी गोळी घेतली तर मूत्रपिंडं जास्तीचं सरळ बाहेर टाकतात; भरलेल्या घागरीत ओतलेलं पाणी बाहेरच सांडणार.

गरोदरपणात रोजची गरज ३५० ते ३६० मिलिग्रॅमची आहे आणि ती आहारातून पूर्ण होऊ शकते: पालेभाज्या, कडधान्यं, दाणे, बिया, बिनपॉलिशचं धान्य. गोळ्यांतून जास्तीत जास्त ३५० मिलिग्रॅम अशी वरची मर्यादा अमेरिकेत धरतात. ती ओलांडल्यावर पहिला त्रास जुलाबाचा. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत, विशेषतः गरोदरपणाच्या आधीपासून बरीच वर्षं मधुमेह असलेल्या बायका, त्यांच्या शरीरात मॅग्नेशियम साठत जाऊन ते धोकादायक ठरू शकतं. त्यांनी स्वतःच्या मनाने ही गोळी घेऊ नये.

जाता जाता एक गोष्ट. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असेल तेव्हा दवाखान्यात शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते साखरेसाठी नसतं, त्याचा डोस फार मोठा असतो आणि ते सतत देखरेखीखाली देतात. 'डॉक्टरच मॅग्नेशियम देतात की' हा युक्तिवाद त्यावरून करू नये.

झिंक, कॅल्शियम आणि यंत्रणेचा मोह

झिंकची गोष्ट ऐकायला फारच पटण्यासारखी आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत ते सुटंसुटं पडलेलं नसतं. सहा-सहा रेणूंचे गठ्ठे करून ते साठवलेलं असतं, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या मध्यभागी साधारण दोन झिंकचे अणू त्याला धरून ठेवतात. झिंक त्या साठवणीच्या पिशवीत नेण्यासाठी एक खास वाहक प्रथिनही असतं. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ साली इन्सुलिनची त्रिमितीय रचना उलगडली, ती झिंक असलेल्या स्फटिकांवरूनच. झिंकशिवाय इन्सुलिनची साठवण नीट होत नाही, हे खरंच.

पण त्यातून 'रोज झिंक खा, इन्सुलिन वाढेल' हे निघत नाही. बीटा पेशीला लागणारं झिंक अगदी थोडं असतं आणि तूट फार तीव्र नसेल तर ती आपला वाटा मिळवते. गरोदरपणात रोजची गरज ११ मिलिग्रॅम आहे. काही छोट्या प्रयोगांत रोज ३० मिलिग्रॅम देऊन साखरेत थोडी सुधारणा दिसल्याचं लिहिलंय. दुसरीकडे, आहार आणि गोळ्या मिळून ४० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. आता हिशेब करा. गरोदरपणातल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुतेक वेळा १५ मिलिग्रॅमपर्यंत झिंक आधीच असतं. त्यावर ३० ची वेगळी गोळी घेतली की जेवण धरण्याआधीच ४५ झाले. असं बरेच दिवस चाललं तर झिंक आतड्यातून तांबं शोषू देत नाही, आणि तांब्याच्या तुटीने रक्तक्षय होतो. तो रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा समजून लोहाचा डोस वाढवला जाण्याचीही शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना सरसकट झिंक द्यायला सांगत नाही. काटेकोर संशोधनापुरतंच ते द्यावं, असं तिचं म्हणणं आहे.

कॅल्शियमचा मोह याच जातीचा आहे. बीटा पेशीत ग्लुकोज शिरलं की काही पायऱ्यांनंतर पेशीच्या भिंतीवरचे कॅल्शियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, आणि त्याच क्षणी इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. कॅल्शियम नसेल तर इन्सुलिन बाहेरच पडणार नाही. पण रक्तातलं कॅल्शियम शरीर अतिशय घट्ट मर्यादेत राखतं. कमी पडलं तर हाडांतून काढतं. गोळीने ती पातळी फारशी हलत नाही, मग बीटा पेशीला फरक कसा कळणार? साखरेवर सुधारणा दाखवणाऱ्या काही प्रयोगांत कॅल्शियमसोबत ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले होते, त्यामुळे कशाचा परिणाम किती, हे वेगळं काढता येत नाही. गरोदरपणात कॅल्शियम देतात ते निराळ्या कारणाने. ज्या लोकसमूहांत आहारातून कॅल्शियम कमी जातं तिथे रोज दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम दिल्याने गरोदरपणातल्या घातक रक्तदाबाचा धोका कमी होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारस आहे. तुमच्या डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं असेल तर ते घ्याच, फक्त त्याच्याकडून साखर उतरण्याची अपेक्षा ठेवू नका.

क्रोमियम

साखरेच्या बाजारात सगळ्यात जास्त विकलं गेलेलं खनिज हेच असावं. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लाउस श्वार्ट्झ आणि वॉल्टर मेर्ट्झ यांना एका ठरावीक आहारावरच्या उंदरांची साखर नीट हाताळली जात नाही असं दिसलं. १९५९ साली त्यांनी त्यातला कमी पडणारा घटक क्रोमियम असल्याचं मांडलं. १९७७ मध्ये एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. ती बराच काळ केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर होती, तिची साखर बिघडली, वजन उतरलं, नसांचा त्रास सुरू झाला. त्या द्रावणात क्रोमियम घातल्यावर ती सुधारली. यावरून क्रोमियम मधुमेहावर चालतं, असं पुढे जगभर पसरलं.

पण तिला जे झालं ते टोकाच्या परिस्थितीत: तोंडाने अन्न नाही आणि शिरेतल्या द्रावणात क्रोमियम जवळपास नाही. तोंडाने जेवणाऱ्या माणसात अशी तूट सापडणं कठीण. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर क्रोमियम माणसाला अत्यावश्यक आहे हेच पुराव्याने सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याआधी २००५ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने क्रोमियम पिकोलिनेटच्या डब्यावर मधुमेहाबद्दल लिहायला परवानगी दिली, पण हा संबंध अत्यंत अनिश्चित आहे हे सोबत लिहायच्या अटीवर. गरोदरपणातल्या मधुमेहावर त्याचे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि लहान आहेत. माझं मत विचाराल तर या यादीतली सगळ्यात आधी खोडायची गोळी ही.

सेलेनियमने शिकवलेला धडा

सेलेनियम पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या विकरांचा भाग आहे. मधुमेहात हा मारा वाढतो, त्यामुळे सेलेनियम द्यावं, ही कल्पना वरवर बिनतोड वाटते. गरोदर स्त्रियांवरच्या छोट्या प्रयोगांत रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलंही गेलंय. गरज मात्र ६० मायक्रोग्रॅमचीच आहे.

हाच २०० मायक्रोग्रॅमचा डोस अमेरिकेत दुसऱ्याच कारणाने, कॅन्सर टाळता येतो का हे पाहायला, वर्षानुवर्षं दिला गेला होता. मधुमेह नसलेल्या सुमारे १,२०० सहभागींचा हिशेब २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी साडेसात वर्षांहून जास्त काळात सेलेनियम घेणाऱ्या निम्म्यांत ५८ जणांना टाइप २ मधुमेह झाला, आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्या निम्म्यांत ३९ जणांना. सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात सेलेनियम भरपूर होतं, त्यांच्यात हा धोका सगळ्यात ठळक होता. हे लोक गरोदर नव्हते आणि काळही बराच लांबचा होता, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणता येणार नाही. पण 'फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही' हे वाक्य सेलेनियमच्या बाबतीत उच्चारण्याआधी दहादा विचार करावा. ४०० मायक्रोग्रॅमच्या वर नियमित गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो.

लोह: साखरेपेक्षा साखरेच्या रिपोर्टवर परिणाम

लोहाची दिशा उलटी आहे. शरीरात लोहाचा साठा फार असेल तर मधुमेहाचा धोका जास्त दिसतो, असं निरीक्षणांतून आढळलंय. हे कुठेतरी वाचून काही जणी लोहाच्या गोळ्या बंद करतात, आणि ही खरी काळजीची गोष्ट आहे. साठा मोजायला वापरतात ते फेरिटिन शरीरात कुठेही दाह असला तरी वाढतं, त्यामुळे त्याचा आकडा नुसतं लोह दाखवत नाही. हाँगकाँगमध्ये रक्तक्षय नसलेल्या गरोदर स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं, एका गटाला रोज ६० मिलिग्रॅम लोह दिलं, दुसऱ्याला बिनऔषधी गोळी. २००९ मध्ये निकाल आला: लोह घेणाऱ्यांत मधुमेह वाढला नाही. गरोदरपणातला रक्तक्षय आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची आहे. साखरेच्या भीतीने ती सोडू नये.

लोहाचा खरा गोंधळ एचबीएवनसीत होतो. ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी जास्त काळ रक्तात फिरतात, त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. उलट, गरोदरपणात नव्या तांबड्या पेशी भराभर तयार होतात आणि आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर नव्या पेशींचं प्रमाण आणखी वाढतं. मग दोन महिन्यांत एचबीएवनसी ६.१ वरून ५.६ वर आलं, तर श्रेय कुणाचं? साखर उतरली असेल, किंवा नुसती पेशींची पिढी बदलली असेल. म्हणून गरोदरपणात रोजच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींवर भर देतात आणि एचबीएवनसी दुय्यम धरतात.

त्या छोट्या प्रयोगांवर किती विसंबायचं

वर 'छोटे प्रयोग' असं अनेकदा आलं. त्यात होतं काय, ते बघू. साधारण साठ-सत्तर स्त्रिया, निम्म्यांना खनिज, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, सहा आठवडे. शेवटी उपाशीपोटीची साखर, रक्तातलं इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला इन्सुलिनच्या प्रतिकाराचा निर्देशांक. अशा प्रयोगांची मोठी संख्या एकाच देशातून, इराणमधून आली आहे. त्यांतल्या काहींच्या आकड्यांवर नंतर इतर संशोधकांनी उघड शंका घेतल्या आहेत. बऱ्याच प्रयोगांचं एकत्रित गणित मांडून 'खनिजांनी साखर सुधारते' असं सांगणारे लेख निघतात, पण गणितात जे घालाल तेच बाहेर येणार. दहा कच्च्या प्रयोगांची सरासरी पक्की होत नसते.

सुधारणेचा आकारही पाहायला हवा. उपाशीपोटीच्या साखरेत काही मिलिग्रॅमचा फरक, बहुधा दहाच्या आत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरच्या ग्लुकोमीटरला १०० च्या खालच्या आकड्यात १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे काल ९६ आणि आज ९० आलं, तर तो गोळीचा गुण, रात्रीच्या जेवणाचा की यंत्राचा, हे एका नोंदीवरून कुणीच सांगू शकत नाही. शिवाय वारेचा दबाव शेवटच्या आठवड्यांत स्थिरावतो, कधी थोडा उतरतोही. ३० व्या आठवड्यात सुरू केलेली कुठलीही गोळी ३७ व्या आठवड्यात गुणकारी वाटू शकते. उलट, शेवटच्या टप्प्यात साखर किंवा इन्सुलिनची गरज अचानक फारच कमी झाली तर खूश होण्याआधी डॉक्टरांना कळवावं. वारेचं काम नीट चाललंय ना, हे ते तपासून बघतात.

आणि शेवटी महत्त्वाचं असतं ते बाळाचं वजन, प्रसूती कशी झाली, बाळाची साखर खाली गेली का, आईला इन्सुलिन लागलं का. या गोष्टींवर खनिजांचा परिणाम ठामपणे दाखवणारा मोठा पुरावा नाही. उपचाराचा पुरावा कसा असतो ते पाहायचं असेल तर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेला एक प्रयोग घ्या. त्यात १,००० स्त्रिया होत्या. आहाराचा सल्ला, घरी साखर मोजणं आणि गरज पडली तर इन्सुलिन, एवढ्यावर बाळांमधल्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचंही म्हणणं हेच, की तूट नसेल तर साखरेसाठी जीवनसत्त्वं किंवा खनिजं घेण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

गोळी घ्यायचीच असेल तर डबा नीट वाचा

डब्यावरचा मोठा आकडा अनेकदा संयुगाचा असतो, खनिजाचा नसतो. समजा 'मॅग्नेशियम ऑक्साइड ४०० मिलिग्रॅम' लिहिलंय. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण २४०. 'मॅग्नेशियम सायट्रेट ४०० मिलिग्रॅम' असेल तर फक्त ६५ च्या आसपास, पण ते ऑक्साइडपेक्षा चांगलं शोषलं जातं. कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम ५००. झिंक ग्लुकोनेट ५० मिलिग्रॅममध्ये झिंक जेमतेम ७. मागच्या बाजूला बारीक अक्षरात शुद्ध खनिजाचं प्रमाण दिलेलं असतं, ते धरा. घरातले सगळे डबे शेजारी मांडून प्रत्येक खनिजाची बेरीज एकदा कागदावर करा आणि तो कागद पुढच्या तपासणीला सोबत न्या. डॉक्टर 'काही औषधं चालू आहेत का' विचारतात तेव्हा बहुतेक जणी या गोळ्या सांगतच नाहीत, कारण त्यांना त्या औषध वाटत नाहीत.

गोळीचं रूपही बघा. चघळायच्या गोड गोळ्या, सिरप आणि पाण्यात विरघळणाऱ्या चवदार पावडरी यांत साखर असू शकते. साखर उतरवायला घेतलेल्या गोष्टीनेच जेवणानंतरचा आकडा वाढवावा, हा विनोद अनेक घरांत घडतो.

वेळांचं थोडक्यात: लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. लोहाच्या जोडीने चहा-कॉफी नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब.

मग साखरेसाठी करायचं काय

गरोदरपणातला मधुमेह असलेल्या ७० ते ८५ टक्के स्त्रियांची साखर नुसत्या आहाराने आणि हालचालीने आटोक्यात राहू शकते. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली, ही नेहमीची उद्दिष्टं. पिष्टमय पदार्थ पूर्ण तोडायचे नसतात. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ती दिवसभरात वाटून, चोथा (फायबर) आणि प्रथिनांसोबत घेतली की आकडा कमी उसळतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी पुढच्या नोंदीत फरक दिसतो. स्नायू चालू असताना इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी साखर उचलतात, ही वारेला बगल देणारी वाट आहे. एवढं करूनही आकडे वर राहिले तर इन्सुलिन लागतं. ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. 'आधी दोन महिने खनिज घेऊन बघू, मग इन्सुलिन' असं करायला गरोदरपणात दोन महिने नसतात; तपासणी २८ व्या आठवड्याला झाली तर पुढे उरतात जेमतेम बारा आठवडे, आणि बाळाचं वजन त्यातच भराभर वाढतं.

साखरेसाठी मेटफॉर्मिन हे औषध चालू असेल तर लक्ष ठेवायचं ते बी १२ वर. ते खनिज नाही, जीवनसत्त्व आहे, पण बराच काळ मेटफॉर्मिन घेतल्याने ते घटू शकतं.

प्रसूतीत वार बाहेर पडली की तिची संप्रेरकंही संपतात आणि बहुतेकींची साखर थोड्याच दिवसांत पूर्वपदावर येते. तरी ४ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, कारण पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका या स्त्रियांना इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. बाळाच्या धावपळीत नेमकी हीच तपासणी राहून जाते. लोह, कॅल्शियम पुढे किती दिवस चालू ठेवायचं हे प्रसूतीत किती रक्त गेलं, हिमोग्लोबिन किती आहे आणि बाळ अंगावर पितंय का, यावर ठरतं. साखरेचा रिपोर्ट चांगला आला म्हणून त्या गोळ्या थांबवायच्या नसतात.